गाळणीत राहिलेली ओळ

रऊफ, आज सतरावा दिवस. ऑफिसात सगळे मला सांगतात, एकदा रडून घे म्हणजे मोकळं वाटेल. मला रडूबिडू येत नाही. मला तुझा राग येतोय. सकाळी दात घासताना येतो, गंगापूर रोडच्या सिग्नलला येतो, आणि आपल्या खोलीत तुझी खुर्ची दिसली की नव्याने येतो. खुर्चीच्या पाठीवर तुझा राखाडी स्वेटर तसाच आहे. मीही तो उचललेला नाही, कारण ‘माझा स्वेटर कोणी हलवला’ यावरूनही तू अर्धा तास वाद घालशील असं मला अजून वाटतं.

मिलिंदने, म्हणजे आपल्या मालकाने, कंपनीच्या पानावर टाकायला चार ओळी मागितल्या. शांत, मनमिळाऊ, अभ्यासू असं काहीतरी लिही म्हणाला. मी लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. तू आणि शांत? नऊ वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर काढलेल्या बाईला कोणी विचारावं. मी त्याला सांगितलं, तू लिही, मला रऊफशी वेगळं बोलायचंय.

आपण कशावर भांडत होतो हे कोणाला सांगितलं तर लोक हसतात. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसलाच होता. समज, एक पेटी आहे. पेटीत कप्पे, प्रत्येक कप्प्यावर नावाची चिठ्ठी, आणि आत एकतर काहीतरी आहे किंवा काहीच नाही. आपण प्रोग्राम लिहिणारे त्या पेटीला मॅप म्हणतो. प्रश्न इतकाच की पेटी पुढे पाठवताना रिकामे कप्पे काढून टाकायचे, की राहू द्यायचे. एवढ्यावर दोन कर्तीसवरती माणसं नऊ वर्षं भांडली.

माझं म्हणणं साधं होतं, आणि आजही मला ते तितकंसं चुकीचं वाटत नाही. प्रोग्राम छोट्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे फंक्शनांत, लिहायची ती फंक्शनल पद्धत मला तूच शिकवलीस. प्रत्येक फंक्शनने आपलं एक काम नीट करावं आणि पुढच्याच्या हातात स्वच्छ माल द्यावा, हे तुझेच शब्द. मग रिकामे कप्पे पुढे कशाला सोडायचे? पुढच्या प्रत्येक फंक्शनला प्रत्येक कप्पा उघडून बघावं लागतं, आहे का रे बाबा आत काही. त्यापेक्षा दारातच एकदा गाळावं. भरलेले कप्पे पुढे, रिकामे बाहेर. एक ओळ लागते. पुढच्यांना चौकशीच करायला नको.

तुझं म्हणणं, दारात गाळलेलं परत सापडत नाही. ‘कप्पाच नव्हता, आणि कप्पा होता पण रिकामा होता, हे तुला सारखंच वाटतं?’ आवाज चढला की तू हिंदीत शिरायचास. ‘एक को पूछा ही नहीं. दूसरे को पूछा, तो वो चुप रहा. फर्क नहीं है, वैशाली?’ आणि मग हटकून मालेगावातला तुझ्या अब्बांचा माग यायचा. मागाच्या फणीत बारीक बारीक घरं असतात, त्यांतून धागे जातात. धागा तुटून घर रिकामं राहिलं तर कापडाला लांबच्या लांब रेघ पडत जाते. ‘म्हणून काय शेजारचे धागे सरकवून घर बुजवायचं? रेघ दिसते म्हणून तर अब्बा उठून मशीन थांबवतात.’ ही रेघ मी इतक्यांदा ऐकली आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन. हे कापड नाहीये रे, डेटा आहे, असं मी म्हणायचे. तू म्हणायचास, घरी तुझ्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी संपली की वाटी फेकून देतेस का? माझ्या स्वयंपाकघरात शिरायची तुला काही गरज नव्हती.

मग दिंडोरीकडच्या त्या द्राक्षवाल्याचं प्रकरण झालं. माती आणि देठ तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काम आपल्याकडे होतं, आणि रिपोर्ट तुझ्या पद्धतीने गेला. होऊ शकणाऱ्या सगळ्या तपासण्या एकाखाली एक, त्याने करून घेतलेल्या चार सोडून बाकी सगळीकडे आडवी रेघ. पाच पानं. फोन मी घेतला. ‘ताई, कागद लय हाय, पण आत काहीच नाय. माझं पोटॅश कुठं हाय तेवढं सांगा.’ पोटॅश चौथ्या पानावर होतं. मी फोन मुद्दाम स्पीकरवर टाकला. तू मान खाली घालून चहा पीत राहिलास. त्याच दुपारी मी ती एक ओळ लिहिली आणि फंक्शनला नाव दिलं गाळणी. रिपोर्ट एका पानात आला. जिरली का, असं मी सगळ्यांदेखत म्हणाले होते. हे आत्ता आठवायला नको होतं, पण आठवतंय.

तू हार मानलीस असं मला वाटलं. कसली मानतोस. दोन दिवसांनी तिसरंच काढलंस. ‘ठीक आहे, नुसतं रिकामं नको ना? मग का रिकामं आहे ते आत लिही. तपासलंच नाही. तपासलं, पण सापडलं नाही. विचारलं, पण उत्तर नाही. अजून कोणी विचारलेलं नाही.’ म्हणजे प्रत्येक रिकाम्या कप्प्यात कारणाची एक चिठ्ठी. मी म्हटलं, आणि या चिठ्ठ्या बघून पुढे काय करायचं? ‘ज्याचा कप्पा रिकामा, त्याच्याकडे माणूस पाठवायचा.’ कोण माणूस? ‘मी जाईन.’ मी कपाळाला हात लावला. पाचपन्नास शेतकऱ्यांच्या दारात जाऊन हा विचारणार, दादा, तुमचं बोरॉन का नाही तपासलंत.

पण तू खरंच जायचास, हीच तर पंचाईत. भंडारदऱ्याच्या सहलीच्या वेळी कोण कोण येणार म्हणून ग्रुपवर विचारलं होतं. तेरा जणांची उत्तरं आली. मिलिंदने तेरा माणसांची गाडी ठरवली आणि विषय संपवला, अगदी माझ्या पद्धतीने. मी उत्तर दिलं नव्हतं, कारण मी दवाखान्यात बसले होते, आईला आत नेलं होतं आणि आतून कोणी बाहेर येत नव्हतं. तुझा फोन आला. ‘तेरा आले, चौदावं उत्तर नाही. हो म्हण, नाही म्हण, पण काहीतरी म्हण.’ मला बोलताच येईना. तू एवढंच विचारलंस, कुठे आहेस? आणि नाशिक रोडहून स्कूटर हाणत आलास, हातात बिस्किटांचा पुडा. चार तास बसलास. आईला बाहेर आणलं तेव्हा तिच्या पायांवरची चादर तू सारखी केलीस. ती अजून सांगते. तुझं नाव तिला नीट घेता येत नाही, रौफ म्हणते. तू गेल्याचं कळल्यापासून ती रोज देवापुढे बसून रौफसाठी काहीतरी पुटपुटते, आणि मी तिला मध्ये बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तुला काय म्हणाले होते आठवतं? बिस्किटं मऊ पडली होती, एवढंच. आभार मानायचे होते. तुझ्यासमोर मानायला बसले असते तर तू त्यातही काहीतरी खुसपट काढलं असतंस, असं म्हणून मी ते पुढे ढकललं. आता मानते. पण राग त्याने कमी होत नाही, हे लक्षात ठेव.

आता मूळ मुद्द्यावर येते. अंबडच्या एका कारखान्याला कामगारांसाठी कार्डं हवी होती. गळ्यात अडकवायची. नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, घरचा फोन. कोणाला काही झालं तर डॉक्टरला एका नजरेत कळावं म्हणून. आधी आपल्याच चौदा जणांवर चालवून बघू असं ठरलं. फॉर्म मी केला, छपाईचं तू बघितलंस आणि मध्ये माझी गाळणी. ज्याने ॲलर्जीचा कप्पा रिकामा ठेवला त्याच्या कार्डावर ॲलर्जीची ओळच नाही. इतकी सुटसुटीत कार्डं आली की मिलिंदने सगळ्यांना कचोरी आणली.

तू मात्र एक कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं करत होतास. ‘औषधांची ओळ नाही, याचा अर्थ काय लावायचा? औषध घेत नाही, की सांगितलं नाही?’

मी म्हटलं, ‘ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. सगळी काय कुक्कुली बाळं आहेत?’

यावर तू काहीच बोलला नाहीस. तू गप्प बसणं हे इतकं नवलाचं होतं की मी घाबरायला हवं होतं. मी खूश झाले. तुझ्या हातातलं कार्ड कोणाचं आहे हेसुद्धा मी पाहिलं नाही. ते तुझंच होतं.

त्या बुधवारी जिना उतरताना तुझा पाय घसरला आणि डोकं कठड्यावर आपटलं. तू उठून बसलास, कपडे झटकलेस, काही नाही झालं म्हणालास. वर येऊन काम करायला लागलास आणि तासाभरात तुला माझं नाव आठवेना. मिलिंदने गाडी काढली. दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती, भराभर विचारत होती. ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या वगैरे काही चालू आहेत का यांना?’ तू काहीतरी असंबद्ध बोलत होतास. मी तुझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेतलं. औषधांची ओळ नव्हती. मी म्हटलं, ‘नाही.’

माहीत नाही, असं म्हटलं नाही, रऊफ. नाही, असं म्हटलं. ठाम. तिने ते लिहून घेतलं आणि तुला आत नेलं.

कार्डावर घरचा म्हणून शबाना भाभींचा नंबर होता, पण त्या शाळेत वर्गावर होत्या, फोन पर्समध्ये आणि पर्स कपाटात. त्यांना कळून, घरी जाऊन, तुझी गोळ्यांची पिशवी घेऊन त्या पोचेपर्यंत दीड तास गेला. डॉक्टरने त्या पट्ट्या बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं आणि पळत आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून वर्षभर तू रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेत होतास. शेजारच्या टेबलावर मी, आणि मला पत्ता नाही. तुझ्या चष्म्याचा नंबर मला माहीत, तुझ्या थोरल्या भावाची आणि तुझी बोलाचाली का बंद आहे ते मला माहीत, आणि हे नाही. मी नंतर त्या डॉक्टरला गाठलं. आधी कळलं असतं तर फरक पडला असता का? ती म्हणाली, रक्तस्राव मोठा होता, रक्त तपासल्यावर आम्हाला पुढे कळतंच, तुम्ही डोक्यात घेऊ नका. मी परत तेच विचारलं. तिने फाईल मिटली आणि म्हणाली, सांगता येत नाही. विचारलं, पण उत्तर नाही. तुझ्याच चिठ्ठ्यांपैकी एक.

चौथ्या दिवशी मी तुझा भरलेला फॉर्म उघडला. खरं सांगते, मला अशी आशा होती की तू औषधांपुढे ‘नाही’ लिहून खोटं बोलला असशील. म्हणजे दोष तुझा ठरला असता आणि मी सुटले असते. पण तू खोटं बोलला नव्हतास. रक्तगट भरलेला. ॲलर्जीपुढे व्यवस्थित ‘नाही’. भाभींचा नंबर. फक्त औषधांचा कप्पा रिकामा. ज्या माणसाने आयुष्यात एक कप्पा विसरून सोडला नाही त्याने हा सोडला होता, आणि तो का सोडला हे कळायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. ‘ही येऊन विचारते का बघू.’ एवढ्यासाठी.

अरे माणसा, कोणी असं करतं का? लोक वाद जिंकायला दाखले देतात, आवाज चढवतात, फार तर चार दिवस अबोला धरतात. स्वतःचं औषध पणाला कोण लावतं? मी त्या दिवशी रिकाम्या खोलीत तुझ्या खुर्चीला चांगल्या चार शिव्या दिल्या. घे म्हटलं, जिंकलास. आता कोणाची जिरली ते सांगायला ये. झाडूवाल्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या तशाच परत गेल्या.

गेल्या रविवारी नाशिक रोडला गेले. तुला मालेगावला नेलं तेव्हा मी आले नव्हते. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावरचे चार महिने घराबाहेर पडायच्या नाहीत, म्हणजे जायला मलाच हवं होतं, आणि धीर होत नव्हता. त्यांनी चहा ठेवला. मी सगळं सांगून टाकलं, फॉर्म, गाळणी, दवाखान्यात मी म्हटलेलं ‘नाही’. मला वाटलं त्या म्हणतील, निघ. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

‘खाली छोड़ा था, मुझे मालूम है,’ त्या म्हणाल्या. ‘फॉर्म भरला त्या दिवशी हसत घरी आले. म्हणाले, एक खाना खाली रखा है, वैशाली आके पूछेगी. मी म्हटलं, चुपचाप भर दो ना. तर म्हणाले, नुसतं लिहायचं नाही मला. तिला सांगायचंय. वर्षभर सांगायचंय, पण सुरुवात कशी करू? पूछेगी तो सब बता दूंगा.’

मी कप खाली ठेवला.

‘मी रोज संध्याकाळी विचारायचे, पूछा क्या? म्हणायचे, आज नाही. कामात आहे ती. कल पूछेगी.’

‘किती दिवस, भाभी?’

‘बीस-बाईस दिन हुए होंगे.’

म्हणजे तो वाद नव्हता. किंवा वादही होता, तुझा काही भरवसा नाही. पण तुला भीती वाटत होती, आणि त्या भीतीबद्दल बोलायला तू मला निवडलं होतंस, आणि वीस-बावीस दिवस तू शेजारी बसून वाट बघत होतास. त्या दिवसांत मी तुझ्याशी काय बोलले ते मी आठवून बघितलं. फंक्शनांना नावं धड देत नाहीस म्हणून भांडले. एसी किती ठेवायचा यावरून भांडले. एकदा तू छातीवर हात ठेवून बसला होतास तर कचोरी कमी खा म्हणाले. तू सांगितलं असतंस तर तुझं तोंड झिजलं असतं का, रऊफ? आणि मी विचारलं असतं तर माझं काय जात होतं? आईच्या वेळी तू एका न आलेल्या उत्तरामागे शहर ओलांडून आलास. मला हात लांब करायचा होता फक्त.

सोमवारी गाळणी काढली. मिलिंद म्हणाला, कारखान्याची कार्डं छपाईला निघालीत, आता कशाला हात लावतेस. मी म्हटलं, उशीर होईल, सांग त्यांना. चिठ्ठ्यांचं तुझं अर्धवट काम शोधून काढलं. नेहमीप्रमाणे नावं वाचवत नव्हती, पण एकदा नीट लावलं तर पहिल्या झटक्यात चाललं. कारखान्याच्या यादीत एकतीस जणांचे औषधांचे कप्पे रिकामे निघाले. माझ्या पद्धतीने त्या एकतीस ओळी छापल्याच गेल्या नसत्या.

मी आणि मिलिंद जेवणाच्या सुट्टीत यादी घेऊन गेलो, एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. बहुतेकांनी लिहायचा कंटाळा केला होता, औषध नाही म्हणाले, आम्ही ‘नाही’ लिहिलं. एक जण डबा हातात धरून उभा राहिला, इकडेतिकडे बघून म्हणाला, ‘मॅडम, फिटची गोळी हाय रोज. पण कळलं तर मशीनवरून काढतील, म्हून नाय लिहिलं. तुम्ही इचारलं म्हून सांगतो.’ त्याची ओळ आम्ही कार्डाच्या आतल्या घडीत घेतली, फक्त डॉक्टरने उघडायच्या. परतताना मिलिंद म्हणाला, रऊफ असता तर आज डोकं खाल्लं असतं आपलं. मी म्हटलं, हो, आठवडाभर.

त्या एकतीस जणांची उत्तरं आली. सगळ्या याद्यांत मिळून आता एकच कप्पा रिकामा आहे, आपल्या चौदा जणांतला. प्रोग्राम चालवला की दर वेळी तो तुझं नाव वर काढतो आणि औषधांपुढे तुझ्याच हातची चिठ्ठी दाखवतो, अजून कोणी विचारलेलं नाही. मिलिंद म्हणतो, ती नोंद काढून टाक, सारखं सारखं बघवत नाही. एका ओळीचं काम आहे, मला येतं ते. मी काढणार नाही.

हे बघ, मी खुर्ची ओढून तुझ्या टेबलापाशी बसले आहे. हातातलं काम ठेवलंय बाजूला. कामात होते रे, म्हणून राहिलं. सांग आता, रऊफ. गोळ्या कसल्या चालू आहेत तुला?